आईबापांचे अन्न, लेकरांचे प्राक्तन

भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्त मांडताना एक अट काटेकोरपणे सांभाळली: ज्याने कर्म केले त्यालाच त्याचे फळ मिळावे आणि ज्याने ते केले नाही त्याच्या वाट्याला ते येऊ नये. ही अट मोडली की दोन दोष उद्भवतात, असे नैयायिक, वेदान्ती आणि जैन आचार्य सांगतात. केलेले कर्म फळ न देताच नाहीसे झाले तर तो ‘कृतनाश’, आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणावर येऊन पडले तर तो ‘अकृताभ्यागम’. प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते आणि तिच्या जागी नवी उपजते, हा बौद्धांचा क्षणभंगवाद खोडून काढताना याच दोन दोषांचा आधार घेण्यात आला, कारण कर्म करणारा आणि फळ भोगणारा वेगवेगळे असतील तर चोरी एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला असा प्रसंग ओढवतो. या वादातले सर्वांत अडचणीचे उदाहरण नवजात बालकाचे होते. ज्याने अजून बरेवाईट काहीच केलेले नाही ते मूल जन्मतःच दुबळे किंवा आजारी का असते, या प्रश्नाला पूर्वजन्मीचे कर्म हे उत्तर देण्यात आले, आणि तर्काच्या दृष्टीने ते नीटनेटकेही होते, कारण त्यामुळे कर्ता आणि भोक्ता एकच राहिला.

या नीटनेटकेपणाला आधुनिक वैद्यकाने अनपेक्षित बाजूने धक्का दिला आहे. गर्भ राहण्याच्या सुमारास आणि गर्भारपणात आईने काय खाल्ले, तिला काय खायला मिळाले नाही, आणि काही अंशी बापाच्या शरीराची पोषणस्थिती कशी होती, यांचा ठसा मुलाच्या चयापचयावर, म्हणजे खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा, स्नायू आणि चरबी बनवण्याच्या शरीराच्या रीतीवर, पन्नास-साठ वर्षे टिकू शकतो, असे आता पुष्कळ पुराव्यानिशी सांगता येते. खाणारा एक आणि भोगणारा दुसरा अशी ही स्थिती असल्यामुळे हा प्रश्न केवळ आहारशास्त्राचा उरत नाही. दर्शनकारांनी जो दोष कोणत्याही सिद्धान्तात येऊ नये म्हणून धडपड केली तो निसर्गात रोजच घडत असेल, तर न्याय, पाप आणि जबाबदारी यांविषयीच्या धार्मिक कल्पनांपैकी कोणती येथे उपयोगी पडते आणि कोणती केवळ अन्याय वाढवते, हे तपासणे भाग पडते.

या विचाराला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत ब्रिटिश वैद्य डेव्हिड बार्कर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून सुईणी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची जन्मवजने वह्यांत नोंदवून ठेवली होती. त्या नोंदी त्याच माणसांच्या पुढील मृत्युनोंदींशी जुळवून पाहिल्यावर, कमी वजनाने जन्मलेल्यांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले. पुढे 1992 मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी ‘काटकसरी घडणी’ची कल्पना मांडली. तिचा आशय असा की गर्भाला अन्न अपुरे पडले तर तो मेंदूची वाढ जपतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांसारख्या अवयवांच्या वाढीत काटकसर करतो. जन्मानंतरही टंचाईच राहिली तर ही घडण तगून राहण्यास मदत करते, पण पुढे सुबत्ता आली की तीच मधुमेहाला वाट करून देते. गर्भ आईच्या ताटावरून बाहेरच्या जगाचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज चुकल्याची किंमत चाळीस वर्षांनी मोजली जाते, असे याचे तात्पर्य आहे.

या कल्पनेची सर्वांत कठोर कसोटी युद्धाने पुरवली. सप्टेंबर 1944 मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप पुकारल्यावर जर्मन सत्तेने पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारा अन्नपुरवठा रोखला, आणि त्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅमसारख्या शहरांतील अधिकृत शिधा माणशी दिवसाला 1000 कॅलरींच्या खाली व काही आठवडे त्याच्याही निम्म्याच्या आसपास गेला. मे 1945 मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पूर्ववत मिळू लागले. उपासमारीला सुरुवात आणि शेवट दोन्ही ठाऊक असल्यामुळे कोणते मूल गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यावर तिच्यात सापडले हे पुढे मोजता आले. गर्भारपणाच्या मधल्या वा शेवटच्या काळात उपासमार सोसलेल्या मातांच्या मुलांमध्ये पन्नाशीच्या सुमारास साखर पचवण्याची क्षमता घटलेली आढळली. ज्यांचा गर्भच त्या हिवाळ्यात राहिला होता त्यांच्यात, साठ वर्षांनंतर तपासले असता, वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी भरल्या. या खुणांमुळे जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, पण ते जनुक किती प्रमाणात कामाला लागावे हे बदलते, आणि अशा बदलांना अधिजनुकीय बदल म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या त्या मातांनी आपला आहार निवडला नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचा पुरावा पुणे परिसरातील आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आहार, त्यांचे वजन, त्यांचे कष्ट आणि पुढे त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. परंतु पुण्याची बाळे सर्व बाजूंनी सारखीच लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव फारच लहान होते, तर कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार अशा या ठेवणीचे एक मासलेवाईक उदाहरण स्वतः याज्ञिक यांनीच इंग्लंडमधील सहकारी युडकिन यांच्यासह 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. त्याच गावांतील मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनरोध, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्याची प्रवृत्ती, सर्वांत अधिक होती.

या निष्कर्षाचा धार्मिक बाजूने विचार करणाऱ्याला येथे थांबावे लागते. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते. त्या गावांतील साठ टक्क्यांहून अधिक मातांमध्ये त्याची कमतरता आढळली. त्यामागे शाकाहाराची परंपरा आहे, आणि त्या परंपरेत अहिंसा, सोवळे, व्रतवैकल्ये, जातीची प्रतिष्ठा अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या आहेत. ज्या आहाराला पिढ्यानपिढ्या सात्त्विक मानले गेले तोच गर्भाच्या चयापचयाला उणा पडावा, हे अस्वस्थ करणारे आहे. तथापि दोष शाकाहारावर टाकून मोकळे होणे उतावीळपणाचे ठरेल, कारण दूध आणि दही पुरेसे मिळाले तर शाकाहारी स्त्रीची गरज बऱ्याच अंशी भागू शकते. ज्या घरात दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला बिनदुधाचा चहा येतो, तेथे व्रताइतकाच हिशोबही कारणीभूत असतो.

आईबापांच्या करणीचे फळ मुलांना मिळते की नाही, याविषयी धर्मग्रंथांत एकवाक्यता नाही, आणि ही विसंगती कित्येकदा एकाच ग्रंथात भेटते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एके ठिकाणी असे म्हटले आहे की अधर्माचे फळ करणाऱ्याला मिळाले नाही तर त्याच्या पुत्रांना आणि त्यांनाही नाही तर नातवांना मिळते, पण वाया मात्र जात नाही. त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात, जीव एकटाच जन्मतो, एकटाच मरतो आणि आपले पुण्यपाप एकटाच भोगतो, असे तितक्याच ठामपणे सांगितले आहे. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलल्यावर शुक्राचार्य वृषपर्व्याला पुत्रपौत्रांपर्यंत पोहोचणाऱ्या फळाचीच आठवण करून देतात. भाष्यकारांनी या वचनांचा मेळ घालण्याचे प्रयत्न केले असले तरी दोन्ही मते समाजाला हवी होती असे दिसते. पहिले मत पापी माणसाला भिववण्यासाठी लागते आणि दुसरे निरपराध्याला धीर देण्यासाठी.

ज्यू परंपरेतही हाच ताण आहे आणि योगायोगाने तो खाण्याच्याच रूपकातून व्यक्त झाला आहे. निर्गमाच्या ग्रंथात बापांच्या अपराधांची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचवणारा देव आहे. पुढे बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळात, वाडवडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून लेकरांचे दात आंबले अशा अर्थाची म्हण लोकांच्या तोंडी रुळली होती, तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने ती म्हण यापुढे वापरायची नाही असे बजावले आणि जो पाप करील तोच मरेल असा नियम सांगितला. यहेज्केलाचे म्हणणे नैतिक दृष्टीने थोर आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या म्हणीत, तिच्या कर्त्यांना कल्पनाही नसेल असे, बरेच तथ्य निघाले.

कर्मसिद्धान्ताचा कडवा पुरस्कर्ता यावर असे म्हणेल की मुलाला मिळालेली दुर्बल घडण हे त्याच्या स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ असून आईचा आहार हे केवळ निमित्त आहे, कारण जीव आपल्या कर्मानुसारच आईची कूस मिळवतो. हे उत्तर खोडून काढता येत नाही, पण खोडून काढता येत नाही एवढाच त्याचा गुण आहे. ज्यांचे पूर्वकर्म एकसारखे होते असे हजारो जीव नेमके 1944-45 च्या हिवाळ्यात नेमक्या काही डच शहरांतच गोळा झाले, असे मानावे लागत असेल तर कर्माचा नियम रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधला जातो. त्याहून महत्त्वाची अडचण वेगळी आहे. मारल्या गेलेल्या माणसाचे पूर्वकर्म काहीही असले तरी मारणाऱ्याचा अपराध धर्मशास्त्राने कधी माफ केलेला नाही. मग मुलाच्या पूर्वकर्माचा हवाला देऊन अन्न अडवणाऱ्याची सुटका कशी होईल? पूर्वजन्माचे उत्तर मुलाला हे का भोगावे लागले याचे समाधान देऊ पाहते, आणि कोणी काय करायला हवे होते हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

या दृष्टीने चरकसंहितेची भूमिका अधिक विचारार्ह आहे, आणि तिची जितकी दखल घेतली जायला हवी तितकी तत्त्वज्ञानाच्या चर्चेत घेतली जात नाही. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी येते. तीत सतत गोड खाणाऱ्या स्त्रीचे मूल प्रमेही, मुके किंवा अतिस्थूल होते असे सांगितले आहे. प्रमेह हा मूत्रविकारांचा वर्ग असून मधुमेह त्यातच मोडतो. सतत खारट खाणाऱ्या स्त्रीच्या मुलाला अकाली सुरकुत्या, पिकलेले केस आणि टक्कल येते, असेही त्याच यादीत आहे, तेव्हा आजच्या शोधांची भविष्यवाणी त्या ग्रंथात शोधणे हा भाबडेपणा होईल, आणि तो आजकाल पुष्कळ चालतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्या यादीच्या शेवटी आहे. आईच्या अपचारांनी जे दोष होतात त्यांवरूनच बापाकडून येणारे शुक्रदोष समजून घ्यावेत, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ग्रंथकार आईला हेतू मानतो, हेतू म्हणजे रोगाचे कारण, पण ती एकटीच कारण आहे असे मानत नाही.

त्याच स्थानाच्या तिसऱ्या अध्यायात याहून खोल चर्चा आहे. गर्भ हा आई, बाप, आत्मा, सात्म्य म्हणजे शरीराला मानवणाऱ्या गोष्टी, आहाररस आणि मन अशा अनेकांच्या समुदायातून बनतो, असे त्या ग्रंथातील आचार्य आत्रेय सांगतात. त्यावर भरद्वाज विचारतात की माणूस माणसापासूनच होतो तर आंधळ्याचे मूल आंधळे आणि मुक्याचे मूल मुके का होत नाही? आत्रेयांचे उत्तर असे की बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्या भागापासून होणारा अवयव बिघडतो, आणि तो भाग बिघडलेला नसेल तर बिघडत नाही. इंद्रिये मात्र आत्म्याबरोबर येतात आणि त्यांचे असणे-नसणे दैवावर, म्हणजे पूर्वदेहातील कर्मावर अवलंबून असते. येथे एकाच शरीराची दोन खाती केली गेली. एक खाते आईबापांच्या बीजाचे आणि आहाराचे, तर दुसरे जीवाच्या स्वतःच्या कर्माचे. कर्मसिद्धान्त न सोडता वैद्याने आपल्यासाठी जागा करून घेतली, कारण सगळेच दैवावर सोपवले असते तर गर्भिणीला पथ्य सांगण्याला अर्थ उरला नसता. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हाच मुद्दा उघडपणे येतो. आयुष्य ठरलेले असते काय, असे आत्रेयांचा शिष्य अग्निवेश याने विचारल्यावर दैव आणि पुरुषकार, म्हणजे या देहाने केलेला प्रयत्न, या दोहोंच्या बळाबळावर ते ठरते आणि बलवान दुर्बलाला मागे सारतो, असे उत्तर मिळते. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण देऊन, फळ द्यायला लागलेले ‘आरब्धकार्य’ आणि अद्याप न लागलेले ‘अनारब्धकार्य’ असा वेदान्तसूत्रांतला भेद पुढे आणला. गर्भात ठरलेली चयापचयाची ठेवण ही पहिल्या प्रकारात बसेल. परंतु त्या ठेवणीला मधुमेहापर्यंत नेणारी वाट बरीचशी पुढच्या आहारावर, श्रमावर आणि परिस्थितीवर अवलंबून असते, आणि तेथे पुरुषकाराला वाव राहतो.

विमानस्थानाच्या त्याच अध्यायाचा मुख्य विषय ‘जनपदोद्ध्वंस’, म्हणजे संपूर्ण प्रदेशाचा एकदम होणारा नाश, हा आहे, आणि त्यातील उत्तर कर्मसिद्धान्ताच्या वैयक्तिक चौकटीबाहेर जाते. वेगवेगळ्या प्रकृतीची, वयाची आणि आहाराची माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, याचे कारण देताना आत्रेय देशाच्या आणि नगराच्या प्रमुखांच्या अधर्माकडे बोट दाखवतात. तो अधर्म खालच्या अधिकाऱ्यांत आणि प्रजेत पसरतो आणि मग ऋतू व अन्नपाणी बिघडते, असा तो क्रम आहे. ऋतूंविषयीचा भाग आज कोणी तसाच स्वीकारणार नाही, पण अन्नाविषयीचा भाग कल्पित नाही. 1876-78 च्या दख्खनच्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साधारण 450 ग्रॅमवर आणले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या गरोदर बाईच्या गर्भाने जगाविषयी जो अंदाज बांधला असेल, त्यातला तिचा स्वतःचा वाटा किती होता?

हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे, कारण या शास्त्राचा सर्वांत सोपा दुरुपयोग म्हणजे आईला आरोपी करणे. विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्या सारा रिचर्डसन यांनी या प्रवृत्तीवर सविस्तर लिहिले आहे. बापाच्या आहाराचा विचार संशोधनात उशिरा आणि थोडाच झाला, तरी जो झाला तो बोलका आहे. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या नर उंदरांच्या मादी पिल्लांमध्ये इन्सुलिन स्रवण्याची क्षमता उणावली. स्वीडनच्या उत्तरेकडील ओव्हरकालिक्स गावाच्या जुन्या पीकनोंदींवरून तर असे दिसले की वडिलांच्या वडिलांना पौगंडापूर्वीच्या वयात मुबलक अन्न मिळाले असेल तर नातवंडांमध्ये मधुमेहाशी निगडित मृत्यू अधिक होते. हा अभ्यास सुमारे तीनशे माणसांवरचा आहे, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ज्या परंपरेने वंश बापाच्या नावाने मोजला त्या परंपरेत दोष मात्र आईच्या डोहाळ्यांपाशी शोधला जातो, हा विरोधाभास त्यातून उघडा पडतो. बृहदारण्यकोपनिषदाच्या शेवटच्या अध्यायात विशिष्ट गुणांचे अपत्य हवे असेल तर दुधात, दह्यात किंवा तिळांसह शिजवलेला भात तूप घालून पतिपत्नी दोघांनी खावा असे सांगितले आहे. तेथे विदुषी कन्या हवी असणाऱ्यांसाठीही पाक दिला आहे, ही बाब जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

पाप ठरण्यासाठी ज्ञान आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी लागतात, आणि प्रायश्चित्तांचा विचार करताना धर्मशास्त्रानेही जाणून केलेले आणि नकळत झालेले यांत भेद केला आहे. पुणे परिसरातील त्या अभ्यासातील मातांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे 42 किलो होते. शेतातले काम, पाणी भरणे, सगळ्यांच्या मागून जेवणे आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेणे एवढे त्यांच्या हाती होते. ब-12 चे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते आणि ऐकले असते तरी दुधाचा पेला त्यांच्या हुकमतीत नव्हता. अशा ठिकाणी पापाची भाषा लावली तर ती चुकीच्या माणसाला जाऊन चिकटते. दुसरीकडे, कोणाचेच पाप नाही म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, असे म्हटले तर मुलाच्या वाट्याला आलेले दुःख निव्वळ अपघात ठरते, आणि मग तो टाळण्याचे बंधन कोणावरच राहत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उभी राहू शकणारी एक वैदिक कल्पना आहे, ती म्हणजे ऋण. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे मनुष्यऋण घातले आणि ते माणसांना आसरा व अन्न देऊन फेडायचे असे सांगितले. ऋणाची कल्पना पापाच्या कल्पनेहून तीन बाबतींत वेगळी पडते. ऋणी असायला अपराध करावा लागत नाही. जन्माला येणे पुरेसे असते. पितृऋण ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत द्यायचे नसते, ते पुढच्या पिढीकडे द्यायचे असते, म्हणजे जो अजून जन्मलाच नाही तो त्याचा धनी असतो. आणि चौथ्या ऋणामुळे हे देणे कुळापुरते राहत नाही. मूळ वचन केवळ ब्राह्मणापुरते बोलते आणि प्रजा म्हणजे प्रामुख्याने पुत्र असे धरते, हे खरे असले तरी या कल्पनेचा विस्तार करण्यात कोणताही तार्किक अडथळा दिसत नाही. आईबापांच्या शरीरातून मुलाच्या शरीरात जे जाते त्याचे वर्णन शिक्षा म्हणून करण्यापेक्षा न फिटलेले देणे म्हणून करणे अधिक सयुक्तिक आहे. कारण शिक्षेला अपराधी हवा असतो, तर देणे फेडण्यासाठी ज्याच्यापाशी फेडण्याजोगे आहे असा माणूस पुरतो, मग तो बाप असो, सासर असो किंवा सरकार.

न केलेल्या कर्माची चांगली फळेही येऊन पडतात, याकडे सहसा लक्ष जात नाही, कारण न कमावलेल्या दुःखाची तक्रार होते, न कमावलेल्या आरोग्याची होत नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर 1953 मध्ये उठले आणि माणशी साखरेचा खप थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाला. त्या तारखेच्या आधी आणि नंतर गर्भात आलेल्या माणसांची तुलना करणारा अभ्यास 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंगचा काळ लाभलेल्यांमध्ये प्रौढपणीच्या मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांनी रेशनिंग लादले त्यांच्या मनात बालकांचे चयापचय नव्हते, ज्या मातांनी ते सोसले त्या त्याला वैतागल्या होत्या, आणि ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांनी काहीच केलेले नव्हते. पापपुण्याच्या हिशोबात बसवता न येणारे, तरीही खरे असे हे फळ आहे.

ऋणाच्या कल्पनेपुढेही एक अडचण उरते आणि ती इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 मध्ये मांडलेल्या कोड्यातून स्पष्ट होते. एखाद्या फार लहान वयाच्या मुलीने मूल होऊ देण्यापूर्वी काही वर्षे थांबावे, असा सल्ला तिला मुलाच्या भल्यासाठी दिला जातो, पण ती थांबली तर नंतर जन्मणारे मूल वेगळेच असेल. मग न थांबल्याने ज्याचे नुकसान झाले असा माणूस दाखवता येत नाही, कारण ती थांबली असती तर तो जन्मलाच नसता. गर्भ राहिल्यानंतरच्या आहाराला हे कोडे लागू पडत नाही, कारण तेथे मूल ठरलेले असते. गर्भ राहण्यापूर्वीच्या काळाला मात्र ते पुरेपूर लागू पडते, आणि जीवशास्त्राचा रोख नेमका त्याच काळाकडे वळतो आहे. मुंबईतील झोपडपट्ट्यांत हजारो स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला, तेव्हा सर्व स्त्रियांचा एकत्र हिशोब केला असता बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक पडला नाही, पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी तो खायला सुरुवात केली होती त्यांच्या बाळांचे वजन सुमारे 50 ग्रॅमने वाढलेले आढळले. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही तुलनेच्या गटातील 12.4 टक्क्यांवरून 7.3 टक्क्यांवर आले. ज्याचे देणे आहे तो नेमका कोण हे ठरण्याआधीच ते फेडायला लागावे, असा याचा अर्थ होतो, आणि पितृऋणाच्या कल्पनेला तो परका नाही, कारण तिच्यातला धनीही असाच अनामिक असतो. कायद्याला मात्र नाव हवे असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक गरोदर व स्तनदा स्त्रीला अंगणवाडीतून मोफत आहाराचा आणि किमान 6,000 रुपयांच्या मातृत्वलाभाचा हक्क दिला आहे. आहाराचा तो हक्क गर्भारपणापासून सुरू होऊन बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी संपतो. मुंबईच्या त्या प्रयोगात ज्या तीन महिन्यांनी फरक पडला ते त्या कलमात येत नाहीत, कारण तोवर कायद्याच्या लेखी ती स्त्री कोणाचीच आई नसते.